कोलंबियाची अखेरची मोहीम : एका शब्दाचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले सर भौतिकशास्त्र शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकविले. तेव्हा त्यांच्या स्मृतिव्याख्यानात मी अवकाशयानावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल आणि काहींना थोडी धास्तीही. म्हणून आरंभीच खुलासा करतो. यंत्रशास्त्रातला माझा अधिकार शून्य आहे. परंतु जुने कागद वाचणे, एखादा शब्द कोणी, केव्हा, कोणत्या अर्थाने वापरला आणि तो अर्थ पुढे कसा सरकत गेला याचा माग काढणे, हे काम मी चाळीस वर्षे केले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी बडोदे सरकारच्या चाकरीत असतानाच आपल्या रियासतीच्या लेखनाला आरंभ केला, हे या गावच्या श्रोत्यांना मी सांगावयास नको. ऐकीव वार्तेपेक्षा कागद बरा, हा त्या पिढीचा बाणा होता. तोच बाणा धरून मी एक परदेशी दप्तर वाचले, आणि त्यात मला जे आढळले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

हे दप्तर म्हणजे कोलंबिया यानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाचा अहवाल. निवृत्त नौसेनाधिकारी हॅरल्ड गेमन हे या मंडळाचे अध्यक्ष होते. २६ ऑगस्ट २००३ रोजी त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्याची पृष्ठे २४८. आपल्याच शाळेच्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने तो मला आणून दिला. चार दिवस चाळून ठेवून देईन असे मनात होते. प्रत्यक्षात तो सहा महिने माझ्या मेजावर राहिला. त्यातील एका प्रकरणाचे शीर्षकच मुळी इतिहास हा अपघाताचे कारण होय, अशा अर्थाचे आहे. अभियंत्यांच्या अहवालात असे शीर्षक भेटेल, अशी मला कल्पना नव्हती.

प्रथम मोहिमेविषयी. १६ जानेवारी २००३ रोजी, गुरुवारी, फ्लॉरिडातील केनेडी अवकाश केंद्रातून स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी १० वाजून ३९ मिनिटांनी कोलंबिया आकाशात झेपावले. शटल कार्यक्रमातील हे ११३ वे उड्डाण आणि कोलंबियाचे स्वतःचे २८ वे. मोहिमेचा क्रमांक मात्र एस्‌टीएस-१०७. ती वारंवार लांबणीवर पडत गेल्यामुळे नंतरच्या क्रमांकाच्या काही मोहिमा तिच्या आधीच जाऊन आल्या होत्या. रिक हसबंड हे नायक, विल्यम मॅकूल हे वैमानिक, आणि त्यांच्यासह मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन व आपल्या कल्पना चावला. यानाच्या मालकोठ्यात एक प्रशस्त प्रयोगशाळा बसविलेली होती. लाल व निळी अशा दोन पाळ्या करून हे सात जण अहोरात्र काम करीत. सुमारे ८० प्रयोग त्यांच्याकडे सोपविलेले होते. यान भूपृष्ठापासून सुमारे २८० किलोमीटर उंचीवर होते आणि दर दीड तासाला एक प्रदक्षिणा पुरी करी. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ३९ अंशांचा कोन करीत असल्यामुळे सोळा दिवसांच्या त्या अवधीत ते आपल्या देशावरूनही जात-येत होते.

शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्या ८० प्रयोगांपैकी काही शाळकरी मुलामुलींचे होते. ऑस्ट्रेलियातील मुलांनी कोळी पाठविले होते, भारमुक्त अवस्थेत ते जाळे कसे विणतात हे पाहण्यासाठी. चीनमधील मुलांनी रेशमाचे किडे, जपानमधील मुलांनी माशांची अंडी, लिश्टेनश्टाइन या चिमुकल्या देशातील मुलांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांसारख्या माश्या, तर अमेरिकेतील मुलांनी मुंग्या. इस्रायली मुलांचा प्रयोग स्फटिकांच्या वाढीचा होता. कल्पना चावला या स्वतः कर्नालच्या टागोर बाल निकेतन शाळेच्या. चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९८२ साली त्यांनी विमानविद्येची पदवी घेतली, पुढे टेक्सासमध्ये व कोलोरॅडोत शिकून १९८८ साली डॉक्टरेट मिळविली, आणि १९९७ साली याच कोलंबियातून पहिले उड्डाण केले. आपल्या शाळेला त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या पुढाकाराने तेथील दोन विद्यार्थी नासाच्या भेटीला जात असत.

आता त्या घटनेकडे वळू. शटल उडते तेव्हा यानाच्या पोटाशी एक प्रचंड नारिंगी टाकी जोडलेली असे. तिच्यात अतिशीत द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन भरलेले असल्यामुळे तिच्यावर बर्फ जमू नये म्हणून तिला फोमचे आवरण दिलेले असे. यानाचे नाक या टाकीला ज्या दोन पायांच्या आधाराने जोडलेले असे, त्या आधारापाशी फोम फवारून व मग हाताने तासून एक उतरता थर घडवीत. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी, यान २० किलोमीटर उंचीवर असताना, डावीकडील आधाराचा हा थर निखळला आणि डाव्या पंखाच्या पुढील कडेवर आदळला. त्याचे वजन सुमारे पाऊण किलो होते.

पाऊण किलो फोम. आपल्या घरी नव्या दूरदर्शन संचाच्या खोक्यातून जो थर्मोकोल निघतो, त्याचाच हा भाऊबंद. त्याने यानाला काय होणार, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणालाही पडेल, आणि तो नासातील जाणत्या माणसांनाही पडला. खरी मेख त्याच्या हलकेपणातच आहे. त्या क्षणी यानाचा वेग ताशी सुमारे २,५०० किलोमीटर होता. सुटलेला तुकडा जड असता तर काही काळ तो यानाबरोबरच धावत राहिला असता. हलका असल्यामुळे हवेने त्याला सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात मागे खेचले, आणि यान ताशी ८०० किलोमीटरहून अधिक सापेक्ष वेगाने त्याच्यावर जाऊन धडकले. म्हणजे फोम यानावर पडला असे म्हणण्यापेक्षा यान फोमवर जाऊन आदळले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. पंखाची ती कडा कार्बनाच्या धूसर पट्ट्यांनी बनलेली असे. परतीच्या वेळी ती दीड हजार अंश सेल्सिअसच्या पलीकडची उष्णता सोसू शके. आघात सोसण्यासाठी ती बनविलेलीच नव्हती.

येथून माझा विषय सुरू होतो. शटलच्या आराखड्यातील मूळ अट अशी होती की टाकीवरून काहीही सुटून यानावर आदळता कामा नये. १२ एप्रिल १९८१ रोजी याच कोलंबियाने पहिले उड्डाण केले. परत आल्यावर तिच्या अंगावरील ३०० हून अधिक फरशा बदलाव्या लागल्या. अट पहिल्याच दिवशी मोडली होती. पुढे काय झाले? अट कागदावर राहिली, उड्डाणे चालू राहिली. प्रत्येक फेरीनंतर खड्डे मोजावयाचे, फरशा बदलावयाच्या, आणि पुन्हा निघावयाचे. शटलच्या सगळ्या आयुष्याची सरासरी काढली तर दर फेरीस अशा १४३ खुणा उमटत. डाव्या आधाराचा मोठा थर तर १९८३ पासून कोलंबियाच्या या मोहिमेपर्यंत सात वेळा निखळल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. त्यांतील दोन वेळा तो निखळला होता हे मंडळाने जुनी छायाचित्रे शोधली तेव्हा कळले. मूळची सुरक्षेची बाब अशा रीतीने दुरुस्तीखात्याची बाब झाली. कोणी एकाने एका दिवशी तसा हुकूम काढला नव्हता. बदल झाला तो शब्दांत, आणि तोही हळूहळू.

नासाच्या कारभारात दोषांची वर्गवारी करणारे दोन शब्द होते : ‘इन फॅमिली’ आणि ‘आउट ऑफ फॅमिली’. पहिल्याचा अर्थ कुटुंबातला, दुसऱ्याचा कुटुंबाबाहेरचा. संख्याशास्त्रातून किंवा आलेखांच्या परिभाषेतून ते आले असावेत; ते काहीही असो, व्याख्या मात्र लेखी होती. ज्या दोषाचा पूर्वी अनुभव आला आहे, ज्याचे विश्लेषण झाले आहे आणि जो समजला आहे, तो कुटुंबातला. नीट पाहा, येथे तीन अटी आहेत. फोमच्या बाबतीत पहिली पुरी झालेली होती, दुसरी अर्धीमुर्धी, आणि तिसरी मुळीच नाही. थर का निखळतो हे २००३ सालापर्यंत कोणालाही निश्चित ठाऊक नव्हते. परंतु शब्द एकच असल्यामुळे पहिल्या अटीच्या आधारावर उरलेल्या दोन पुऱ्या झाल्याचा भास होत राहिला. मराठीत आपण एखाद्याविषयी ‘तो घरचाच आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याची चौकशी थांबते. तो दारातून आत आला तर कोणी मान वर करून पाहत नाही. इंग्रजी शब्दानेही तेच काम केले.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, बडोदे सरकारने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला. एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मला विद्यार्थिदशेत पडे. नासाचे कागद वाचताना त्याचे उत्तर मिळाल्यासारखे वाटले. असो.

७ ऑक्टोबर २००२ रोजी अटलांटिस यान उडाले, तेव्हा हाच डाव्या आधाराचा थर सुटून बाजूच्या अग्निबाणावर आदळला व तेथे खड्डा पडला. अशा प्रसंगाची नोंद आजवर ‘उड्डाणातील विसंगती’ या सदराखाली होत आली होती. त्या सदराचे वैशिष्ट्य असे की तेथे नोंद झाली म्हणजे पुढील उड्डाणापूर्वी त्या प्रश्नाचा निकाल लावावा लागे. या वेळी प्रथमच ती नोंद झाली नाही. त्याऐवजी टाकीविभागाला कारण शोधण्याचे एक काम तेवढे लावून देण्यात आले, आणि त्या कामाची मुदत सरकत सरकत कोलंबियाच्या नियोजित परतीच्याही पलीकडे गेली. असे का व्हावे? अवकाश-स्थानकाच्या बांधणीचा एक टप्पा १९ फेब्रुवारी २००४ पूर्वी गाठावयाचा, असे वरून ठरलेले होते. किती दिवस उरले ते सांगणारे घड्याळ अधिकाऱ्यांच्या संगणकांच्या पडद्यांवर उलटे चालत होते. ‘विसंगती’ हा शब्द लिहिला असता तर उड्डाणे थांबवावी लागली असती. तो शब्द लिहिला गेला नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये एक यान गेले व सुखरूप परतले. त्यानंतरचे कोलंबिया.

उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीस, चित्रफिती तपासणाऱ्या गटाला तो आघात दिसला. एका कॅमेऱ्याचा फोकस चुकलेला होता, दुसऱ्यातून नेमकी जागा दिसत नव्हती; परंतु इतका मोठा तुकडा त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. अभियंत्यांनी हा आघात ‘कुटुंबाबाहेरचा’ असाच गणला होता. तसे गणल्यावर नियमाप्रमाणे पूर्ण अधिकार असलेले खास पथक नेमावयास हवे होते. नेमला गेला तो एक अभ्यासगट, ज्याला कोणाकडे दाद मागावयाची हेही धड ठाऊक नव्हते. मोहिमेच्या व्यवस्थापन-समितीने रोज बैठक घ्यावी असा दंडक असताना सोळा दिवसांत तिच्या पाच बैठका झाल्या. २१ जानेवारीच्या बैठकीत अध्यक्षस्थानावरून अशा आशयाचे सांगण्यात आले की उड्डाण चालू असताना याबाबत आपल्याला फारसे काही करता येण्यासारखे नाही, तेव्हा या मोहिमेपुरता हा विचारात घेण्याजोगा मुद्दा नव्हे. त्या व्यक्तीचे नाव अहवालात आहे. मी ते येथे घेत नाही. एका माणसावर बोट ठेवले की बाकीचे सगळे सुटतात, आणि अहवाल वाचल्यावर मला तरी ते न्याय्य वाटत नाही.

अभियंत्यांना हवी होती छायाचित्रे. अमेरिकेच्या संरक्षणखात्यापाशी कक्षेतील यानाचे चित्र घेऊ शकणारी साधने होती. तीन निरनिराळ्या वाटांनी तीन वेळा मागणी गेली, आणि तिन्ही वेळा ती विरली. एक तर संरक्षणखात्याकडे पोहोचलीही होती; ती मागे घेण्यात आली. कारण विचारता उत्तर मिळाले की या चित्रांची ‘अनिवार्य गरज’ सिद्ध झालेली नाही. पंखाला इजा झाली आहे हे चित्रांवाचून सिद्ध होत नाही, आणि इजा सिद्ध झाल्यावाचून चित्रे मिळत नाहीत! रॉड्नी रोशा या अभियंत्याने २२ जानेवारीस एक कडक पत्र लिहिले. हा नकार चुकीचाच नव्हे तर बेजबाबदार आहे, असा त्याचा रोख होता. ते पत्र त्याने सहकाऱ्यांना दाखविले. वर पाठविले नाही. अधिकाराची पायरी ओलांडण्याचे धैर्य त्याला झाले नाही. चौकशीअंती ते पत्र अहवालात छापले गेले.

२४ जानेवारीस अभ्यासगटाने आपले निष्कर्ष मांडले. सभागृह इतके भरले होते की माणसे बाहेरच्या वाटेत उभी होती. त्या वेळी पडद्यावर दाखविलेले एक पान अहवालात जसेच्या तसे दिलेले आहे, आणि एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने त्याची जी चिकित्सा केली आहे ती माझ्यासारख्या भाषेच्या माणसाने शिरोधार्य मानावी अशी आहे. पानाचे शीर्षक मनाला दिलासा देणारे. मजकूर उतरत्या पायऱ्यांनी लहान लहान होत गेलेला. ‘लक्षणीय’ या अर्थाचा एकच शब्द पाच वेळा आलेला, आणि दर वेळी निराळ्या अर्थाने. कोठे त्याचा अर्थ ‘मोजता येण्याजोगा’, तर कोठे ‘यान नष्ट होईल एवढा’. आणि तळाशी, सर्वांत खालच्या पायरीवर, एक बारीकशी ओळ : प्रत्यक्ष तुकड्याचे आकारमान १,९२० घन इंच, ज्या चाचणीच्या आधारावर गणित केले तिच्यातील तुकड्याचे ३ घन इंच. म्हणजे ६४० पट! शीर्षकाच्या जागी ही ओळ असती तर त्या सभेचा रंग पालटला असता की नाही, हे आज कोण सांगणार? पण ती तळाशी होती, आणि तळापर्यंत वाचणारे थोडे असतात, हे परीक्षकाच्या खुर्चीवर बसलेल्या कोणीही कबूल करावे.

अंतराळवीरांना याची वार्ता होती काय? होती, आणि कशा शब्दांत होती ते पाहण्यासारखे आहे. २३ जानेवारीस हसबंड व मॅकूल यांना जमिनीवरून एक संदेश गेला. वार्ताहर मुलाखतीत विचारतील, तेव्हा ठाऊक असावे, एवढाच त्याचा हेतू. फोमचा तुकडा पंखावर आदळला. असे पूर्वीच्या काही उड्डाणांतही घडलेले आहे. परतीच्या दृष्टीने मुळीच चिंता नाही, असा त्याचा मथितार्थ. हसबंड यांनी आभार मानणारे उत्तर पाठविले. ‘पूर्वी घडलेले आहे’ म्हणून ‘चिंता नाही’ : बावीस वर्षांचा तो सगळा इतिहास या एका संदेशात उतरला होता.

१ फेब्रुवारी, शनिवार. स्थानिक वेळ सकाळी सव्वाआठ. हिंदी महासागरावर असताना यानाने गती कमी करण्यासाठी इंजिने पेटविली. ८ वाजून ४४ मिनिटांनी ते वातावरणात शिरले. याच सुमारास लॉरेल क्लार्क यानातील कॅमेऱ्याने चित्रण करीत होत्या. ती फीत पुढे टेक्सासमध्ये सापडली : हातमोजे चढविले जात आहेत, खिडकीबाहेर तांबूस-नारिंगी झळाळी आहे, आणि सर्व जण प्रसन्न आहेत. ८ वाजून ५४ मिनिटांनी ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षात डाव्या पंखातील चार तापमापकांचे आकडे एकाएकी बंद पडल्याचे दिसले. ८ वाजून ५९ मिनिटांनी हसबंड यांचा अर्धवट शब्द तुटला. नवाच्या सुमारास टेक्सासच्या आकाशात, सुमारे ६० किलोमीटर उंचीवर, ध्वनीच्या अठरा पटींहून अधिक वेगात असताना यान विदीर्ण झाले. सोळा मिनिटांनी ते फ्लॉरिडात उतरावयाचे होते. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. आम्ही घरातली माणसे दूरदर्शनसमोर बसलो होतो, आणि आकाशातून समांतर सरकणाऱ्या त्या शुभ्र रेषा प्रथम कोणालाच उलगडल्या नाहीत.

त्यानंतरच्या शोधाविषयी मी अधिक सांगणार आहे, कारण इतिहासाच्या साधनांची अशी जपणूक मी क्वचितच पाहिली. २५,००० हून अधिक माणसांनी पूर्व टेक्सासमधील रान, शेते व तळी पायाखाली घातली. माणसे खांद्याला खांदा लावून चालत व मिळेल तो तुकडा टिपून घेत. हे काम करताना २७ मार्च रोजी हेलिकॉप्टर कोसळून आणखी दोन जणांचे प्राण गेले. ८४,००० हून अधिक तुकडे गोळा झाले. वजनाने ते यानाच्या सुमारे ३८ टक्के भरले. झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची माहिती जळालेल्या संगणक-तबकडीतून जवळजवळ सगळी परत मिळाली व २००८ साली तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रयोगासाठी नेलेले सूक्ष्म कृमी त्यांच्या डब्यांत जिवंत सापडले. आणि इलान रामोन यांच्या दैनंदिनीची ३७ पृष्ठे. साठ किलोमीटर उंचीवरून पडलेला, पावसात भिजलेला तो कागद एका शेतात मिळाला, आणि जेरुसलेमच्या संग्रहालयातील तज्ज्ञांनी त्यावरील हिब्रू अक्षरे पुन्हा वाचती केली. पेशवे दप्तरातील कसर लागलेले रुमाल हाताळलेल्या माणसाला त्या तज्ज्ञांच्या बोटांची कल्पना येईल.

सर्वांत मोलाची वस्तू १९ मार्चला हेम्पहिल गावाजवळ मिळाली. कोलंबिया हे कक्षेत जाणारे पहिले शटल. नव्या यानाची पारख व्हावी म्हणून तिच्यात शेकडो जादा मापके व त्यांची नोंद करणारे एक यंत्र बसविलेले होते. इतर यानांत ते नव्हते. म्हणजे यान जुने होते म्हणूनच त्याच्या मृत्यूची साक्ष राहिली. त्या फितीवरून कळले की वातावरणात शिरल्यानंतर साडेचार मिनिटांतच डाव्या पंखाच्या कडेमागे असामान्य ताण नोंदला गेला होता, आणि त्या वेळी नियंत्रणकक्षात कोणालाही काहीच दिसत नव्हते. शेवटची शंका ७ जुलै २००३ रोजी फिटली. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे, पाऊण किलोचा फोमचा ठोकळा वायूच्या तोफेने पंखाच्या आठव्या पट्टीवर सोडण्यात आला. सुमारे ४० सेंटीमीटर लांबरुंद भोक पडले. पाहणाऱ्यांच्या तोंडून उद्गार निघाले, असे वर्णन आहे. फोमने काही होत नाही, हे वाक्य त्या दिवशी संपले.

मग ते सात जण वाचले असते काय? मंडळाने नासाला हाच प्रश्न लेखी विचारला. उत्तर असे आले : यानातील कर्बवायू शोषणारे डबे जपून वापरले असते तर मुक्काम १५ फेब्रुवारीपर्यंत लांबविता आला असता. अटलांटिस मार्चमधील मोहिमेसाठी सज्ज होत होते; रात्रंदिवस काम करून ते १० फेब्रुवारीच्या आसपास उडविता आले असते, आणि दोन्ही याने शेजारी आणून सातही जणांना दोरीच्या आधाराने पलीकडे घेता आले असते. यात जोखीम अपार होती. वाटेत एकही गोष्ट चुकता कामा नव्हती, आणि अटलांटिसच्या टाकीवरही तोच फोम होता. तरीही ‘काही करता येण्यासारखे नाही’ हे विधान खरे नव्हते, एवढे त्या उत्तराने ठरले.

मंडळात सॅली राइड या सभासद होत्या. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले, त्या चौकशी आयोगावरही त्या होत्या. दोन्ही दप्तरे वाचणारी ही एकमेव व्यक्ती, आणि जुन्या प्रकरणाचा प्रतिध्वनी आपल्याला ऐकू येतो असे त्यांनी म्हटले. तेव्हा फोमच्या जागी रबराची कडी होती, आणि तिचीही झीज वर्षानुवर्षे ‘मान्य धोका’ म्हणून कागदोपत्री पुढे नेली गेली होती. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी १९९६ साली त्या प्रकरणावर मोठा ग्रंथ लिहिला व या प्रवृत्तीला एक पारिभाषिक नाव दिले. ‘विचलनाचे सामान्यीकरण’ असे त्याचे भाषांतर मी प्रथम केले, आणि मग माझे मलाच हसू आले. मराठीत याला आपण ‘अंगवळणी पडणे’ म्हणतो.

मी हे तटस्थपणे सांगतो आहे असे मात्र समजू नये. एका महाविद्यालयाच्या इमारत-समितीवर मी सात वर्षे होतो. जिन्यावरील छताला एक भेग होती. दर पावसाळ्यानंतरच्या सभेत तिचा विषय निघे, आणि इतिवृत्तात एक वाक्य लिहिले जाई : ‘भेग पूर्ववत आहे. नोंद घेण्यात आली.’ ते वाक्य रचले होते मी. पहिल्या वर्षी रचले, पुढे कारकून ते उतरवीत गेला व मी सही करीत गेलो. ‘नोंद घेण्यात आली’ : कोणी घेतली, कशासाठी घेतली, घेऊन पुढे काय केले, यांपैकी काहीही न सांगणारा हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. आठव्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत छताचा तेवढा भाग खाली आला. जिन्यात कोणी नव्हते. सुट्टी आठवडाभर आधी संपली असती तर? रोशाचे न पाठविलेले पत्र वाचताना मला त्या जिन्याची आठवण झाली, आणि त्या माणसाला भित्रा म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही.

अपघातानंतर चारच दिवसांनी, ५ फेब्रुवारी २००३ रोजी, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी भारताच्या मेटसॅट या हवामान-उपग्रहाचे नाव ‘कल्पना-१’ असे ठेवल्याचे जाहीर केले. पुढे कित्येक वर्षे मान्सूनच्या ढगांची चित्रे या नावाने येत राहिली.

शटल पुन्हा उडाले ते २६ जुलै २००५ रोजी. आधाराचा तो हाताने तासलेला थर टाकीवरून काढून टाकलेला होता. यानात पंखाची कडा न्याहाळण्यासाठी लांब दांडी बसविली होती, आणि जमिनीवर कॅमेऱ्यांची संख्या वाढविली होती. त्या कॅमेऱ्यांनी त्याच दिवशी टाकीच्या दुसऱ्या एका भागातून फोमचा मोठा तुकडा सुटताना टिपला. तो यानाला लागला नाही. या वेळी मात्र ‘पूर्वीही घडले आहे’ असे कोणी म्हटले नाही. यान कक्षेत असतानाच पुढील उड्डाणे स्थगित झाली, आणि त्यानंतरचे शटल उडावयास २००६ चा जुलै उजाडला. अखेरचे शटल, अटलांटिस, २१ जुलै २०११ रोजी उतरले, आणि तो कार्यक्रम संपला.

कोलंबियाचे तुकडे केनेडी केंद्रातील यान-जोडणीच्या उंच इमारतीत, सोळाव्या मजल्यावर, क्रमांक घालून ठेवलेले आहेत. तेथून ते अभ्यासकांना, ग्रंथालयातून पुस्तक द्यावे तसे, अभ्यासासाठी दिले जातात. अटलांटिस उतरून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, तोच टेक्सासमधून बातमी आली की त्या वर्षीच्या अवर्षणाने नॅकडोचेस तलावाचे पाणी खूप खाली गेले असून काठच्या चिखलात सुमारे मीटरभर व्यासाची एक पोकळ धातूची टाकी उघडी पडली आहे. नासाने ती ओळखली. ती कोलंबियाची होती. आठ वर्षे पाण्याखाली होती. ती उचलून फ्लॉरिडाला नेण्यात आली व बाकीच्या तुकड्यांत जमा करण्यात आली.